यादी आधी आली, चौकशी नंतर

सल्ला विचारणारं एक पत्र मला आलंय, ते थोडक्यात असं आहे. लिहिणारी ३१ वर्षांची, राहायला कळव्याला, सीबीडी बेलापूरच्या एका लॉ फर्ममध्ये सहा वर्षं कामाला. फर्म फक्त मॅनेजमेंट साइडची कामं घेते, म्हणजे कंपन्यांना लेबर लॉचा सल्ला द्यायचा आणि कामगार कोर्टात गेला की कंपनीकडून उभं राहायचं. सध्या तिच्याकडे रबाळे एमआयडीसीतला एक क्लायंट आहे, साधारण १४० पर्मनंट कामगार. चार महिन्यांपूर्वी तिथे युनियन आली, मागणीपत्र दिलं गेलं, आणि मागच्या आठवड्यात एचआर मॅनेजरने नऊ नावांची यादी पाठवली. प्रॉडक्शन मुद्दाम पाडलं, गेटवर घोषणा दिल्या, म्हणून चार्जशीट, म्हणजे कंपनीचं आरोपपत्र, काढा, "इन्क्वायरी ऑफिसर आपल्या ओळखीतला बघा मॅडम, तीन महिन्यांत मोकळं करून टाकू." नऊपैकी सात जणांच्या सह्या मागणीपत्रावर आहेत. सीनियर म्हणतात, "आपण वकील आहोत, जज नाही." तिचे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात २२ वर्षं होते, २००१ ला कारखाना बंद पडला, हिशोबाचे पैसे हातात पडायला २००९ उजाडलं. यंदा गणपतीत एक काका सगळ्यांसमोर बोलून गेले, "आमची पोरगी कंपनीवाल्यांची वकील." तेव्हापासून बाबा तिच्या कामाबद्दल काही विचारत नाहीत. डोक्यावर फ्लॅटचा हप्ता आहे. ती विचारते, नोकरी सोडून कामगारांच्या बाजूला जाऊ का? आणि शेवटी एक ओळ आहे, त्या नऊ जणांपैकी एकाला आधीच सावध करावंसं वाटतं, ते चूक आहे का?

ओळख पटेल असे तपशील तिने स्वतःच बदलून पाठवले होते, मी अजून थोडे बदललेत.

तुला अगं-तुगं करते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. मी २६ वर्षं ठाण्याच्या लेबर कोर्टात आणि इंडस्ट्रियल कोर्टात काढली, त्यातली पहिली सतरा कंपन्यांकडून आणि नंतरची नऊ जास्त करून कामगारांकडून, त्यामुळे तुझं पत्र वाचताना मला दोन्हीकडची टेबलं आठवत होती.

शेवटच्या ओळीपासून सुरू करते कारण तिथे चूक झाली तर परत फिरता येणार नाही. त्या नऊ जणांपैकी कोणालाही काही सांगू नकोस. फोन नाही, ओळखीतून निरोप नाही, "जरा सांभाळून राहा" एवढंसुद्धा नाही. क्लायंटने वकील म्हणून तुला जे सांगितलं ते त्याचं आहे, ते उघड करायचा हक्क तुझा नाही, १८७२ च्या एव्हिडन्स अ‍ॅक्टमध्ये हे होतं आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. मला माहितेय की हे ऐकून तुला वाटेल ही पण सीनियरसारखंच बोलतेय. पण विचार कर, उद्या कुठल्याही मालकाला वाटलं की वकिलाला खरं सांगितलं तर ते गेटवर पोचतं, तर तो खरं सांगणारच नाही, आणि मग त्याला "हे करू नका" म्हणणारं माणूस त्याच्या आयुष्यात उरत नाही. त्या नऊ जणांसाठी तुला जे करता येण्यासारखं आहे ते तू त्या टेबलावर बसलेली आहेस म्हणूनच करता येण्यासारखं आहे, आणि ते बरंच आहे.

आता तू पत्रभर एक गोष्ट धरून चालली आहेस ती बघू. कंपनीची वकील म्हणजे कामगारांच्या विरोधातली. हे काकांनी म्हटलं आणि तू मान्य करून टाकलंस. तुझ्याच गेल्या सहा वर्षांतली कामं आठव ना. अपॉइंटमेंट लेटर नीट करून देणं, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी लागते हे मालकाला समजावणं, "ट्रेनी" म्हणून चार वर्षं ठेवलेल्या पोराचं काय होणार हे सांगणं, दहा किंवा जास्त माणसं आहेत तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच आणि तिच्यात बाहेरचा सदस्य हवाच हे तिसऱ्यांदा सांगणं, युनियनबरोबरच्या सेटलमेंटचा मसुदा करताना रात्री अकरापर्यंत बसणं. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत जे छोटे युनिट आहेत, पन्नास-साठ माणसांचे, तिथला मालक बऱ्याचदा स्वतः मशीनवर काम करून वर आलेला असतो आणि त्याला कायद्यातलं जे कळतं ते फक्त त्याच्या वकिलाकडून कळतं. कामगाराचा वकील मध्ये येतो तेव्हा माणसाची नोकरी गेलेली असते. कंपनीच्या वकिलाला ती जायच्या आधी फोन येतो. हा फोन ज्याला येतो त्याच्या हातात जे असतं ते कोर्टात केस लढणाऱ्याच्या हातात सुद्धा नसतं, आणि मला हे उशिरा कळलं म्हणून तुला सांगतेय.

एक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचं काम माझ्याकडे होतं. तांब्याचं स्क्रॅप गाडीतून बाहेर गेलं, संशय स्टोअरकीपरवर, सतरा वर्षं नोकरी झालेला माणूस. मालक म्हणाले सरळ काढून टाका. मी म्हटलं चौकशी करा, कायद्याने लागते. मनातून मलाही वाटत होतं यानेच केलंय. चौकशीत त्याच्या बाजूने बोलायला त्याच्याच खात्यातला एक सहकारी आला होता, त्याने गेटचं रजिस्टर मागितलं. मी हरकत घेऊ शकत होते, यादीत नाही, उशीर झाला, संबंध नाही, काहीही, आणि चौकशी अधिकाऱ्याने माझं ऐकलं असतं. मी घेतली नाही. रजिस्टर आलं, त्या दिवशी स्टोअरकीपर सुट्टीवर होता आणि गेटपासवर सही सुपरवायझरची होती, जो मालकांच्या नात्यातला. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग फोन करून म्हणाले, बाई, चोर घरातच ठेवला असता आम्ही.

आणि दुसरंही सांगायला हवं, नाहीतर मी फक्त माझी चांगली बाजू दाखवतेय असं होईल. एका चौकशीत सगळं कामकाज इंग्रजीत झालं. कामगार दोनदा म्हणाला मला समजत नाही, मराठीत घ्या. मी कंपनीकडून होते, मला दिसत होतं की हे बरोबर नाही, आणि मी गप्प बसले कारण आम्ही जिंकत होतो. त्याला काढलं. आठ वर्षांनी कोर्टाने ती चौकशी रद्द केली, कंपनीने पैसे भरले, पण तोपर्यंत त्याच्या मोठ्या मुलाचं कॉलेज सुटलं होतं आणि ते कोणी भरून दिलं नाही. दोन्ही वेळा मी एकाच बाजूला बसले होते. म्हणून बाजू बदलली की आपण आपोआप बरोबर होतो यावर माझा विश्वास नाही.

तुझ्या रबाळ्याच्या प्रकरणात मला जे टोचतं ते हे, की यादी आधी आली आणि आरोप नंतर. कामगाराने गैरवर्तन केलं, कोणीतरी रिपोर्ट दिला, कंपनीने खुलासा मागितला, पटला नाही म्हणून चार्जशीट, मग चौकशी, मग निष्कर्ष, मग शिक्षेबद्दल पुन्हा त्याचं म्हणणं ऐकून निर्णय, हा क्रम. इथे निर्णय झालाय आणि तुला मागे मागे जाऊन कागद भरायला सांगितलंय. हे काम नाकारायला तुला डाव्या विचारांचं असायची गरज नाही, नुसती चांगली मॅनेजमेंट वकील असलीस तरी पुरतं.

युनियनला मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना आळा यासाठीचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, ज्याला आपण सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतो, त्याची अनुसूची दोन आणि अनुसूची चार पुन्हा एकदा शांतपणे वाच. दोनमध्ये युनियन करण्याच्या हक्कात ढवळाढवळ करणं, युनियनसाठी पुढाकार घेतला म्हणून काढणं, शिक्षा करणं हे आहे. चारमधला पहिलाच मुद्दा नोकरीवरून काढण्याचा, सूडबुद्धीने, खोट्या कारणांनी, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून, अनाठायी घाईने, किरकोळ गोष्टीसाठी मागचा रेकॉर्ड न बघता दिलेली भलतीच मोठी शिक्षा. तुझ्या एचआर मॅनेजरच्या एका मेलमध्ये यातले किमान तीन प्रकार त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जो नवा इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड लागू झाला त्याच्या दुसऱ्या अनुसूचीतही अनुचित कामगार प्रथांची यादी आहेच, त्यामुळे "आता कायदे बदलले, मालकाला मोकळीक आहे" असं कोणी तुला सांगत असेल तर ते अर्धवट वाचून सांगतंय. कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची आधी परवानगी लागण्याची मर्यादा शंभरवरून तीनशे कामगारांवर गेली हे खरं. पण सूडाने काढायची परवानगी कुठल्याच आकड्याला मिळालेली नाही.

मग करायचं काय. या आठवड्यात क्लायंटसाठी एक लेखी ओपिनियन, म्हणजे कायदेशीर सल्ला, लिही, दीड-दोन पानांचं, सीनियरच्या नावाने जाणार असलं तरी मसुदा तुझा. त्यात उपदेश नको, "हे अन्याय्य आहे" वगैरे शब्द तर अजिबात नकोत, ते वाचून मालक फाइल बंद करतो. त्याला त्याच्या भाषेत सांग. नऊ कामगार, समजा प्रत्येकी १८ हजार पगार, म्हणजे महिन्याला एक लाख ६२ हजार. केस सहा वर्षं चालली, आणि चालते, तर ७२ महिन्यांचे एक कोटी १६ लाखांच्या वर नुसता मागचा पगार, शिवाय नऊही जण परत कामावर, शिवाय ते परत येतील त्या दिवशी गेटवर जे ढोल वाजतील ते वेगळंच. दरवेळी पूर्ण बॅक वेजेस, म्हणजे हा मागचा पगार, मिळतात असं नाही, कोर्ट बघून ठरवतं, पण २०१३ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की चुकीच्या पद्धतीने काढलं असेल तर नोकरीच्या सातत्यासह परत घेणं आणि मागचा पगार हाच सर्वसाधारण नियम, आणि दुसरीकडे कमावत होता हे दाखवायची जबाबदारी मालकावर येते. आणि १९९८ ची कलर-केमची केस टाक त्यात. रात्रपाळीत झोपले म्हणून कामगारांना काढलं होतं, झोपले होते हे सिद्धही झालं होतं, तरी सुप्रीम कोर्ट म्हणालं की एवढ्यासाठी नोकरीच घालवणं ही इतकी भलती शिक्षा आहे की तीच अनुचित प्रथा ठरते. घोषणा दिल्या म्हणून नऊ जणांना घरी पाठवणाऱ्याने ही केस आधी वाचलेली बरी.

ओपिनियनमध्ये चार-पाच प्रश्न विचार आणि त्यांची कागदासकट उत्तरं माग, कारण मला प्रामाणिकपणे वाटतं की तुला अजून पूर्ण खरं माहीत नाही. प्रॉडक्शन पडलं ते त्या नऊ जणांच्या मशीनवर की सगळ्या शॉपमध्ये? शॉपमध्ये पडलं असेल तर हेच नऊ का? मागणीपत्राची तारीख काय आणि पहिल्या मेमोची तारीख काय, की मेमोच नाहीत? अशाच वागण्यासाठी मागे कोणाला वॉर्निंगवर सोडलंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागणीपत्रावर लेबर ऑफिसरपुढे कन्सिलिएशन, म्हणजे समेटाची बोलणी, सुरू झालंय का? कारण झालं असेल तर त्या वादाशी संबंधित गैरवर्तनासाठी आधी लेखी परवानगीशिवाय काढताच येत नाही, आणि संबंध नसलेल्या गैरवर्तनासाठी काढलं तरी एक महिन्याचा पगार देऊन मंजुरीचा अर्ज करावा लागतो. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ३३ होतं, नव्या कोडातही आहे. हा एक मुद्दा सुद्धा क्लायंटला थांबवायला पुरतो, मी थांबलेले पाहिलेत.

या उत्तरांतून असंही निघू शकतं की नऊपैकी एकाने सुपरवायझरच्या अंगावर हात टाकला होता, किंवा दोघांनी मशीन बंद पाडलं. तसं असेल तर त्यांची चौकशी कर, व्यवस्थित कर, आणि कंपनीकडून ठामपणे उभी राहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या सुपरवायझरला मार बसला तो पण पगारी माणूसच आहे, त्यालाही घरदार आहे. युनियनचा सभासद आहे म्हणून कोणाला सगळं माफ होत नाही. फक्त प्रत्येकाचं वेगळं चार्जशीट, तारीख, वेळ, जागा, नेमकं काय केलं ते त्यात, एकाचा मजकूर दुसऱ्याला नाव बदलून चिकटवलेला नको. चौकशी अधिकारी असा आण ज्याने या कंपनीचं काम आधी केलेलं नाही. कामकाज कामगाराला समजेल त्या भाषेत, रोजची प्रत त्याला तिथल्या तिथे, साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ दे, त्याचा सहकारी बसू दे. सस्पेंड केलं असेल तर निर्वाह भत्ता महिन्याच्या महिन्याला, पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा, पुढे उशीर कामगारामुळे नसेल तर पाऊणपट, आणि तो रखडवून त्याला जेरीस आणायचा विचार कोणी बोलून दाखवला तर तिथेच अडव. भत्ता न दिल्यामुळे चौकशाच्या चौकशा उडाल्यात.

आणि असंही निघेल कदाचित की खरं दुखणं युनियन नाहीच, ऑर्डर कमी झाल्यात आणि माणसं जास्त आहेत. तर मग ते उघड सांगून कपातीचा रस्ता घ्यायचा, नोटीस, दर वर्षाला १५ दिवसांची भरपाई, शेवटी आलेला आधी जाणार, पुन्हा भरती झाली तर त्याला आधी विचारायचं. महाग वाटतो, पण खरा असतो. किंवा युनियनशी बसून स्वेच्छानिवृत्तीचं बोलता येतं. मालक आणि युनियन एका टेबलावर बसले की निम्मी भांडणं कँटीनच्या जेवणाची आणि ओव्हरटाइमच्या हिशोबाची निघतात हे मी इतक्यांदा पाहिलंय. वीस किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती नव्या कोडने बंधनकारक आहे, मालकाचे आणि कामगारांचे सदस्य सारखे. तुझ्या क्लायंटकडे ती आहे का विचार. नसेल असं मला वाटतं.

सीनियर म्हणतात आपण जज नाही. खरंय ते, नाहीच आहोत. क्लायंट दोषी आहे की नाही हे ठरवणं आपलं काम नाही आणि अडचणीतल्या मालकालाही वकील मिळालाच पाहिजे. पण बार कौन्सिलच्या नियमांत हेही आहे की वकिलाने आपल्या क्लायंटला लबाडीच्या, अनुचित मार्गापासून परावृत्त करायचा पूर्ण प्रयत्न करायचा आणि ऐकतच नसेल तर त्याचं काम नाकारायचं. तो नियम सीनियरना पाठ असणार, त्यांना तो ऐकवायला जाऊ नकोस, वाद होईल. ओपिनियन घेऊन जा आणि म्हण, सर, क्लायंट अडकू नये म्हणून हे आधी पाठवूया. बरेच सीनियर रागीट बोलतात पण कागदावर आकडा बघितला की वेगळं वागतात. तुझे कसे आहेत ते तुला या एका कागदाने कळेल, आणि नोकरीबद्दलचा तुझा प्रश्न खरं तर त्यानंतरचा आहे.

कारण सीनियरने ओपिनियन पाठवलं, क्लायंट कुरकुरत का होईना थांबला, तर तू ज्या जागी आहेस ती सोडण्यासारखी जागा नाही. पाठवलं, क्लायंटने मानलं नाही, आणि फर्मने काम सोडलं किंवा निदान तुला त्यातून मोकळं केलं, तरी चालण्यासारखं आहे. पण तुला सांगितलं की ओपिनियन फाडून टाक आणि चार्जशीट टाइप कर, तर तिथे तुझी पुढची दहा वर्षं कशी जातील ते तुला दिसेल. तेव्हा मसुदा करायला नम्रपणे नकार दे आणि दुसरी जागा शोधायला लाग. राजीनामा त्या संध्याकाळी नको. हप्ता आहे ना, मग किमान सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला पडेपर्यंत थांब, नवऱ्याशी आकडे मांडून बोल. नैतिक निर्णय उपाशीपोटी घेतला की दोन महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट नोकरी पत्करावी लागते, मी मुलींना तसं करताना पाहिलंय.

कामगारांच्या बाजूला जायचं तर जरूर जा, मी गेले, मला आवडलं. पण तिकडे सगळं स्वच्छ आहे हे मनात धरून जाऊ नकोस. तिथेही पुढारी असतात ज्यांना कामगारांपेक्षा कँटीनचं कॉन्ट्रॅक्ट महत्त्वाचं, वकील असतात जे तीनशे तारखा पाडतात कारण केस संपली तर फी संपली. तिथेही एक दिवस तुझ्यासमोर असा क्लायंट बसेल ज्याने खरंच चोरी केलीय आणि त्याला तुझ्याकडून खोटा साक्षीदार हवा असेल. आजच्यासारखाच प्रसंग, फक्त पैसे कमी. शिवाय आत्ताच्या क्लायंटच्या ज्या मॅटरमध्ये तू सल्ला दिलायस त्यात तुला त्यांच्याविरुद्ध कधीच उभं राहता येणार नाही, त्यामुळे "त्या नऊ जणांसाठी लढेन" हे जे तुझ्या पत्रात अर्धवट डोकावतंय ते मनातून काढून टाक. मधले रस्तेही आहेत, एखाद्या मोठ्या कंपनीत इन-हाउस वकील, किंवा अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम, त्यातून दोन्हीकडचं ऐकायची सवय होते.

ही पोस्ट एचआरवाले वाचत असतील तर त्यांनाही सांगते, तुमच्या वकिलाने "थांबा" म्हटलं तर तो घाबरट आहे असं समजू नका, आणि वकिलाला यादी पाठवायच्या आधी घटना पाठवा. आणि ज्याच्या हातात चार्जशीट पडलंय त्या वाचकाला, ते नाकारू नका, घ्या, मिळाल्याची तारीख टाकून सही करा, दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या, चौकशीला गैरहजर राहू नका, आणि काढलंच तर एमआरटीयू-पल्पखाली ९० दिवसांत तक्रार करायची असते हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. "साहेब बोलावतील पुन्हा" म्हणत लोक ते ९० दिवस घालवतात.

आता बाबा. तू लिहिलंयस, "त्यांना माझी लाज वाटते." हे त्यांनी म्हटलंय का गं? पत्रात तरी कुठे दिसलं नाही. काकांनी म्हटलं, बाबा गप्प झाले, आणि मधली जागा तू भरलीस. मला दुसरं काही सुचतं. तुला आपल्या कारखान्याची गोष्ट आठवून त्रास होत असेल असं त्यांना वाटत असेल आणि म्हणून ते विषय काढत नसतील. किंवा त्यांना नेमकं काय विचारायचं तेच कळत नसेल, बावीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला "आज इन्क्वायरीत काय झालं" हे कसं विचारणार. तू तेव्हा सात वर्षांची होतीस, तुला फक्त घरातली तंगी आठवते. पण २००१ ते २००९ त्यांनी कुणाकुणाच्या दारात काढली, कंपनीकडून कोण वकील यायचा, तो कसा बोलायचा, कोणी एखाद्या तारखेला त्यांना नीट उत्तर दिलं होतं का, हे तू त्यांना कधी विचारलंयस? आमच्याकडे जे जुने कामगार यायचे त्यांचा राग कंपनीच्या वकिलावर कमी असायचा. आम्हाला काहीच सांगितलं नाही, बोर्ड लावला आणि कुलूप घातलं, पुढची तारीख पण गेटवरच्या वॉचमनकडून कळायची, यावर जास्त असायचा.

तर विचार. क्लायंटचं नाव नको, रबाळं नको, केस नको, फक्त त्यांचं त्यांना विचार. रविवारी सकाळी चालत तलावपाळीला घेऊन जा, घरात टीव्ही असतो, तिथे नसतो. त्यांच्या कंपनीच्या वकिलाने काय केलं असतं तर ते आठ वर्षं थोडं सोपं गेलं असतं, एवढंच विचार आणि मग ऐक. ते जे सांगतील त्यातलं काहीतरी तुझ्या ओपिनियनमध्ये येईल असं मला वाटतं, नाव न घेता.

म्हणून रविवार होऊ दे, आणि सोमवारी ओपिनियन सीनियरच्या टेबलावर ठेव, वर तारीख टाकून, एक प्रत फाइलला लावून. मंगळवारी काय झालं ते कळव.